पैसा मंजूर, पण खर्च नाही : अमेरिकेच्या तिजोरीचं भांडण नेमकं कशावरून?

सरकारने पैसे उधळले म्हणून कोर्टकचेरी झालेली आपण पुष्कळदा वाचतो. अमेरिकेत २०२५ मध्ये उलटी गंगा वाहत होती. सरकार पैसे खर्च करत नाही म्हणून राज्यं, विद्यापीठं आणि आरोग्यसंस्था कोर्टात धाव घेत होत्या, आणि सरकारी वकील मात्र हे पैसे सोडायला लागू नयेत म्हणून थेट सुप्रीम कोर्टापर्यंत भांडत होते. बातमी वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो, काटकसर बेकायदा कशी काय असू शकते?

प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर शोधताना डॉलरच्या आकड्यांपेक्षा कॅलेंडरकडे जास्त बघावं लागतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आधी सोसायटीतली लिफ्ट

चाळीस बिऱ्हाडांची, पाच मजली सोसायटी आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत दोन तास वादावादी होते. वरच्या मजल्यांना लिफ्टची दुरुस्ती हवी आहे, खालच्यांना आवारात पेव्हर ब्लॉक. शेवटी तडजोड होते : तुम्ही आमच्या लिफ्टला हात वर करा, आम्ही तुमच्या ब्लॉकना करतो. दोन्ही ठराव मंजूर होतात. लिफ्टला सहा लाख, ब्लॉकना चार.

चेअरमन तळमजल्यावर राहतात. महिन्याभरात ब्लॉक बसतात. लिफ्टची फाइल मात्र हलत नाही. 'कोटेशन तपासतोय', 'ठेकेदार बरा वाटत नाही', 'पावसाळा जाऊ द्या'. कुणी आवाज चढवलाच तर चेअरमन म्हणतात, 'अहो, सोसायटीचेच पैसे वाचवतोय ना?'

पैसे वाचतायत हे खरंच. पण ठराव कुणी केला होता आणि तो मोडला कुणी? अमेरिकेतलं भांडण हेच आहे. तिथे सर्वसाधारण सभा म्हणजे काँग्रेस, अर्थात प्रतिनिधीगृह आणि सिनेट ही दोन सभागृहं. चेअरमन म्हणजे राष्ट्राध्यक्ष. आणि मंजूर पैसा अडवून ठेवण्याला तिथे 'इम्पाउंडमेंट' म्हणतात. आपण सरळ 'अडवणूक' म्हणू.

घटना काय सांगते आणि काय सांगत नाही

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदात म्हटलंय की कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. दुसऱ्या अनुच्छेदात राष्ट्राध्यक्षांवर कर्तव्य टाकलंय, की कायद्यांची अंमलबजावणी निष्ठेने होते आहे याकडे त्यांनी लक्ष द्यावं.

या दोन वाक्यांच्या मध्ये एक फट आहे. मंजुरीशिवाय पैसा काढायचा नाही, हे स्पष्ट. मंजुरी मिळाली की तो काढलाच पाहिजे का? हे कुठेच थेट लिहिलेलं नाही. एक बाजू म्हणते, मंजूर रकमेचा कायदा हाही कायदाच, मग तो पाळणं आलंच. दुसरी बाजू म्हणते, मंजूर रक्कम ही कमाल मर्यादा आहे, तेवढं संपवलंच पाहिजे असा हुकूम नव्हे. सव्वादोनशे वर्षं या फटीत पाय रोवून दोघं उभे आहेत.

तिजोरीतून पैसा बाहेर पडतो कसा

अडवणूक कुठे होते हे कळायचं तर पैशाचा रस्ता पाहावा लागेल.

अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३० सप्टेंबरला संपतं. वर्ष सुरू व्हायच्या आत काँग्रेसने बारा विनियोजन विधेयकं मंजूर करायची असतात. संरक्षणाचं एक, शेतीचं एक, असं. 'विनियोजन' हा शब्द आपल्या विधानसभेच्या कामकाजातूनही ओळखीचा आहे : अमुक कामाला अमुक रक्कम, कायद्याने बांधून दिलेली. विधेयकं वेळेत झाली नाहीत तर लेखानुदानासारखा तात्पुरता कायदा करून गाडी ढकलतात. तोही झाला नाही तर शटडाऊन, म्हणजे पैशाअभावी सरकारी कामकाज ठप्प.

राष्ट्राध्यक्षांची सही झाली तरी पैसा लगेच खात्यांच्या हाती येत नाही. मध्ये ओएमबी बसलेली असते. ही राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतली अर्थसंकल्पाची कचेरी. वर्षभराची रक्कम बहुधा तिमाही हप्त्यांत किंवा कामांनुसार ती खात्यांना सोडते. हेतू चांगला आहे : एखाद्या खात्याने सगळे पैसे फेब्रुवारीतच उडवून पुन्हा हात पसरू नयेत. मग खातं करार करतं, अनुदानपत्र देतं. या टप्प्याला आपण 'बांधणं' म्हणू, कारण इथे सरकार कायद्याने बांधलं जातं. प्रत्यक्ष चेक नंतर निघतो, कधी कधी वर्षा-दोन वर्षांनी.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पैशाला मुदत असते. काही रकमा एक वर्षाच्या, काही दोन वर्षांच्या, काही बिनमुदतीच्या. मुदत संपायच्या आत रक्कम बांधली गेली नाही, तर नवं काम करायला ती निरुपयोगी होते. आधीच बांधलेल्या कामांचे हिशेब मिटवायला पुढची पाच वर्षं ती वापरता येते, मग खातं बंद. मार्चएंडला जिल्हा परिषदेत रात्री बारापर्यंत दिवे का जळत असतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ३० सप्टेंबर समजावून सांगावा लागत नाही.

म्हणजे पैसा अडवायला 'नाही' म्हणायची गरजच नाही. तारीख उलटेपर्यंत 'बघतोय' म्हणत राहिलं की काम झालं.

अडवायची जागाही किती किरकोळ असू शकते पाहा. २०१९ मध्ये युक्रेनला सुरक्षा साहाय्य म्हणून काँग्रेसने मंजूर केलेले २१ कोटी ४० लाख डॉलर ओएमबीने रोखले, ते हप्तेवाटपाच्या तक्त्याखाली टाकलेल्या एका तळटीपेने. भाषण नाही, अध्यादेश नाही. तक्त्याखालच्या चार ओळी, आणि मुदत संपत आली की तशाच आणखी. पुढे २०२२ मध्ये काँग्रेसने हे तक्ते सर्वांना पाहता येतील असे इंटरनेटवर टाकायची सक्ती केली. २०२५ च्या मार्चमध्ये ते पान गायब झालं, आणि कोर्टाच्या आदेशानंतर उन्हाळ्यात परत आलं. एका तक्त्यासाठी एवढी मारामारी का, हे तळटीपेच्या ताकदीवरून लक्षात यावं.

जेफरसनच्या होड्या, निक्सनचं सांडपाणी

अडवणुकीचे समर्थक नेहमी १८०३ चा दाखला देतात. थॉमस जेफरसन राष्ट्राध्यक्ष होते. मिसिसिपी नदीवर तणाव होता, म्हणून काँग्रेसने तोफा बसवलेल्या होड्यांसाठी ५० हजार डॉलर मंजूर केले. तेवढ्यात फ्रान्सकडून लुईझियानाचा प्रदेशच विकत घेतला गेला आणि तणाव निवळला. जेफरसननी होड्या लगेच घेतल्या नाहीत आणि तसं काँग्रेसला कळवलं.

दाखला खरा आहे, पण सांगताना एक तपशील बहुतेक वेळा गाळला जातो. तो कायदा होता 'पंधरापेक्षा जास्त नाही इतक्या' होड्यांचा. म्हणजे किती घ्यायच्या हे कायद्यानेच राष्ट्राध्यक्षांवर सोडलं होतं. सभेनेच 'गरज वाटली तर' असं ठरावात लिहिलं असेल, तर चेअरमननी थांबणं हा ठरावभंग होत नाही.

खरा खटका उडाला रिचर्ड निक्सन यांच्या काळात. १९७२ मध्ये काँग्रेसने शहरांच्या सांडपाणी प्रकल्पांसाठी मोठी रक्कम ठरवली. निक्सननी विधेयकावर नकाराधिकार वापरला. दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो झुगारून कायदा केला. त्यावर निक्सननी आदेश दिला, की पहिल्या दोन वर्षांसाठी ठरलेल्या ५ आणि ६ अब्ज डॉलरपैकी फक्त २ आणि ३ अब्जच वाटायचे. सभागृहात हरलेली लढाई ते तिजोरीच्या दाराशी पुन्हा लढत होते. न्यूयॉर्क शहराने खटला भरला आणि १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने शहराच्या बाजूने निकाल दिला.

मात्र कोर्टाने फक्त त्या कायद्याच्या शब्दांचा अर्थ लावला. घटनेने राष्ट्राध्यक्षांना असा अधिकार दिलाय की नाही, या मूळ प्रश्नाला हातच घातला नाही. फट होती तशीच राहिली, आणि पन्नास वर्षांनी तिथूनच पाणी शिरलं.

१९७४ चा कायदा : दोनच दरवाजे

निकाल लागायच्या आधीच काँग्रेसने स्वतःची व्यवस्था करून घेतली होती. १२ जुलै १९७४ रोजी अडवणूक नियंत्रणाचा कायदा झाला. सही निक्सन यांचीच. चारच आठवड्यांनी त्यांनी राजीनामा दिला.

या कायद्याने अडवणुकीला दोन दरवाजे ठेवले. पहिला, काही काळ लांबणीवर टाकणं. आकस्मिक अडचण असेल किंवा कामाच्या पद्धतीत सुधारणा होऊन पैसा वाचत असेल तर चालेल; 'हे धोरण मला पटत नाही' हे कारण चालणार नाही. आणि लांबवणं त्या आर्थिक वर्षाच्या पलीकडे नेता येत नाही.

दुसरा दरवाजा रद्दप्रस्तावाचा. इंग्रजीतला त्याचा शब्द मंदीसाठीच्या 'रिसेशन'सारखा ऐकू येतो आणि त्यातून बातम्यांत गंमतीजमती होतात, म्हणून इथे 'रद्दप्रस्ताव'च म्हणतो. राष्ट्राध्यक्ष काँग्रेसला लेखी कळवतात, की या रकमा रद्द करा. त्यानंतर ४५ दिवस ते पैसे रोखून धरता येतात. तेवढ्यात दोन्ही सभागृहांनी रद्द करण्याचा कायदा केला तर रक्कम गेली. केला नाही, किंवा नुसतं गप्प बसले, तरी पैसा सोडावाच लागतो. काँग्रेसचं मौन म्हणजे नकार. आणि सभागृहाची सुट्टी तीन दिवसांपेक्षा लांबली तर ते दिवस या ४५ मध्ये धरत नाहीत.

पहारेकरी म्हणून जीएओ नेमली. आपल्या कॅगची चुलत बहीण म्हणा, फक्त ती काँग्रेसच्या पदरची. तिचा प्रमुख पंधरा वर्षांसाठी नेमला जातो. अडवणूक दिसली तर जीएओ काँग्रेसला अहवाल देते आणि गरज पडली तर कोर्टात जाऊ शकते. पण कोर्टात जायच्या आधी काँग्रेसला निवेदन देऊन २५ दिवस थांबायचं, अशी अट आहे. हे पन्नास वर्षांत तिने एकदाच केलं, १९७५ मध्ये, आणि पैसे सुटल्यामुळे ते प्रकरण निकालापर्यंत गेलंच नाही.

युक्रेनच्या पैशांबद्दल जीएओने कायदाभंगाचा निष्कर्ष दिला तो १६ जानेवारी २०२० रोजी. तोपर्यंत प्रतिनिधीगृहाने त्याच प्रकरणातून राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोग लावूनही झाला होता. पुढे फेब्रुवारीत सिनेटने त्यांना दोषमुक्त केलं.

२०२५ : एक दरवाजा रीतसर, दुसरा मागचा

२७ जानेवारी २०२५ रोजी ओएमबीचं दोन पानी पत्रक निघालं : सर्व केंद्रीय अनुदानं आणि कर्जं तूर्त थांबवा. दुसऱ्या दिवशी अनेक राज्यांची गरिबांच्या आरोग्यविम्याची पोर्टलं बंद पडली. त्याच संध्याकाळी वॉशिंग्टनमधल्या न्यायाधीशांनी पत्रकाला स्थगिती दिली आणि २९ तारखेला सरकारने ते मागे घेतलं. परदेशी मदत त्याआधीच, २० जानेवारीच्या आदेशाने, ९० दिवसांसाठी गोठवली होती. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी जाहीर केलं की यूएसएड या मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झालेत. १ जुलैपासून ती संस्था स्वतंत्रपणे उरलीच नाही.

विजेच्या गाड्यांसाठी महामार्गांवर चार्जिंगची सोय करायला २०२१ च्या कायद्याने ५ अब्ज डॉलर ठेवले होते. फेब्रुवारीत राज्यांचे मंजूर आराखडेच स्थगित झाले. जीएओने मे महिन्यात सांगितलं, ही बेकायदा अडवणूक आहे.

मग सरकारने रीतसर दरवाजाही वापरला, हे नोंदवायला हवं. जूनमध्ये ९.४ अब्ज डॉलरचा रद्दप्रस्ताव काँग्रेसकडे आला. एचआयव्ही-एड्सच्या कार्यक्रमाचे ४० कोटी डॉलर सिनेटने वाचवले. उरलेले साधारण ९ अब्ज, त्यात जवळपास ८ अब्ज परदेशी मदतीचे आणि १.१ अब्ज सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे, रद्द करायला सिनेटने ५१ विरुद्ध ४८ आणि प्रतिनिधीगृहाने २१६ विरुद्ध २१३ मतांनी मान्यता दिली. २४ जुलैला सही झाली. कुणाला पटो न पटो, हे पूर्ण कायदेशीर होतं. सभेने स्वतःचाच ठराव फिरवला.

ऑगस्टमध्ये मात्र मागचा दरवाजा उघडला.

३३ दिवसांत ४५ दिवस कसे बसवायचे?

२८ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदतीच्या ४.९ अब्ज डॉलरसाठी नवा रद्दप्रस्ताव पाठवला. या रकमांची मुदत ३० सप्टेंबरला संपत होती. मधले दिवस ३३.

आता कायद्याने मिळालेले ४५ दिवस मोजा. ते संपणार ऑक्टोबरच्या मध्यात, आणि पैसा मरणार ३० सप्टेंबरला. काँग्रेस काहीही न करता गप्प बसली तरी रक्कम परत मिळत नाही, कारण परत द्यायला काही शिल्लकच नाही. १९७४ च्या कायद्यात मौन म्हणजे नकार होतं. तारीख नेमकी साधली की तेच मौन होकार होऊन बसतं. या युक्तीला तिथे 'पॉकेट रिसिशन' म्हणतात, म्हणजे परस्पर खिशात घातलेला रद्दप्रस्ताव. जवळपास पन्नास वर्षांत ती कुणी वापरली नव्हती.

जीएओच्या मते ही पळवाट बेकायदा आहे. सिनेटच्या विनियोजन समितीच्या अध्यक्ष सुझन कॉलिन्स, ज्या ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या आहेत, त्यांनीही तेच म्हटलं. ओएमबीचे प्रमुख रसेल वॉट यांचा युक्तिवाद असा, की प्रस्ताव कधी पाठवायचा याची शेवटची तारीख कायद्यात लिहिलेलीच नाही. शब्दशः बघितलं तर हे खरं आहे. पण ज्या कायद्याचा सगळा हेतू राष्ट्राध्यक्षांनी एकट्याने पैसा मारू नये हा आहे, त्याच कायद्याचं कलम वापरून एकट्याने पैसा मारता यावा, हा अर्थ मला तरी ओढूनताणून लावलेला वाटतो.

३ सप्टेंबरला, मदतसंस्थांनी भरलेल्या खटल्यात, वॉशिंग्टनमधल्या न्यायाधीशांनी पैसे बांधायचा आदेश दिला. २६ सप्टेंबरला, मुदत संपायला चार दिवस उरले असताना, सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो आदेश थांबवला. कोर्टाने सांगितलं की हा अंतिम निकाल नाही. पण पैशाला अंतिम निकालाची वाट बघता येत नव्हती.

कोर्टाने एकदाचा सोक्षमोक्ष का लावला नाही?

कारण खटला कुणी भरायचा, इथेच गाडी अडली. २६ सप्टेंबरच्या आदेशात सुप्रीम कोर्टाचं प्राथमिक मत असं दिसतं, की १९७४ च्या कायद्याने पहारा जीएओकडे दिलाय, त्यामुळे ज्यांना पैसा मिळणार होता त्या संस्थांना त्या कायद्याच्या जोरावर अशी दाद मागता येणार नाही. सोसायटीच्या भाषेत, लिफ्टविना जिने चढणाऱ्या पाचव्या मजल्यावरच्या आजींना तक्रार करता येणार नाही, फक्त हिशेबतपासनीस करू शकतील. आणि त्यांनी चौकशी करायची, निवेदन द्यायचं, २५ दिवस थांबायचं, मग वकील गाठायचा.

कोर्ट कोणतं, हा आणखी एक गुंता. एप्रिल २०२५ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाच्या अनुदानांच्या प्रकरणात आणि ऑगस्टमध्ये एनआयएच या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी असं सुचवलं, की रद्द झालेल्या अनुदानाचे पैसे हवे असतील तर ते कराराचं भांडण आहे, त्यासाठी वेगळं दावे न्यायालय आहे. तिथे जिंकलात तर नुकसानभरपाई मिळू शकते. पण तोवर प्रयोगशाळा बंद पडलेली असते, उंदीर मारावे लागलेले असतात, माणसं दुसरीकडे गेलेली असतात. अमेरिकेत पोस्टडॉक करणाऱ्या कितीतरी मराठी मुलामुलींचा पगार अशाच अनुदानांतून निघतो, म्हणून ही ओळ पुण्या-नाशिकच्या घरांतही वाचली जाते.

एनआयएचच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. पाच वर्षांच्या संशोधनाला साधारणपणे दरवर्षी एकेक हप्ता देतात. २०२५ मध्ये बऱ्याच प्रकल्पांना सगळ्या वर्षांचे पैसे एकदम द्यायचं धोरण आलं. दहा जणांना वर्षाला एकेक रुपया द्यायच्या ऐवजी दोघांनाच पाच वर्षांचे पाच-पाच रुपये देऊन टाकले, तरी दहा रुपये खर्च झालेच! अडवणूक शून्य, तारीखही पाळली, फक्त आठ जण रिकाम्या हाताने परत.

'कर्ज डोंगराएवढं झालंय, कुणीतरी कापायलाच हवं ना?'

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेचं कर्ज ३८ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं. काळजी खोटी नाही, आणि काँग्रेसला खर्च कमी करायची हौस नाही हेही खरं.

पण अडवणुकीने हा डोंगर हलतो का, ते बघू. २०२४ या आर्थिक वर्षात अमेरिकी केंद्र सरकारचा खर्च होता पावणेसात लाख कोटी डॉलर. त्यातले सुमारे ४.१ लाख कोटी वृद्धांचं निवृत्तिवेतन, आरोग्यविमा अशा कायमच्या कायद्यांनी आपोआप जातात. सुमारे ०.९ लाख कोटी व्याजात. दरवर्षीच्या विनियोजनातून जातात फक्त १.८ लाख कोटी, आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग संरक्षणाचा. जुलैत रद्द झालेले ९ अब्ज म्हणजे एकूण खर्चाच्या हजार रुपयांतले साधारण एक रुपया तेहतीस पैसे. त्या वर्षाची तूट होती १.८ लाख कोटींच्या आसपास. म्हणजे भांडण चाललंय ते पाकिटातल्या सुट्या पैशांवरून. घराचा हप्ता कुणी काढतच नाही.

'डोजने रद्द केलेल्या करारांतून तरी अब्जावधी वाचले असतील?'

डोज म्हणजे ट्रम्प यांनी २०२५ मध्ये सरकारी खर्च कापायला नेमलेला गट. इथे दोन गफलती होतात. करारावर लिहिलेली रक्कम बहुतेक वेळा कमाल असते. लग्नात केटररला 'पाचशे पानांपर्यंत' सांगितलं, दीडशेच उठली आणि मग करार मोडला, तर साडेतीनशे पानांचे पैसे वाचवले असं कुणी म्हणत नाही. दुसरी गफलत याहून मोठी : करार रद्द झाला तरी काँग्रेसची मंजुरी रद्द होत नाही. ती रक्कम त्याच खात्याच्या त्याच कामासाठी पडून राहते आणि कायद्याने ती दुसऱ्या कुणाला तरी, पण त्याच कामासाठी, द्यायची असते. तूट खरोखर कमी व्हायला एकतर रीतसर रद्द करण्याचा कायदा हवा, नाहीतर तीच जुनी तारीख उलटायला हवी.

'राष्ट्राध्यक्षांनाही लोकांनीच निवडलंय की!'

निवडलंय. म्हणूनच त्यांच्याकडे नकाराधिकार आहे. मात्र तो पूर्ण विधेयकाला वापरायचा, त्यातली आवडेल ती ओळ ठेवून नावडती खोडायला नाही. १९९६ मध्ये काँग्रेसने तशी ओळ खोडायची मुभा कायद्याने दिलीही होती. बिल क्लिंटन यांनी ती ८२ वेळा वापरली. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. काँग्रेसने आपण होऊन दिलेली ओळ खोडायची मुभा जर घटनेत बसत नसेल, तर न देता घेतलेली कशी बसेल? समर्थकांना या प्रश्नाचं उत्तर द्यायला जड जातं.

जुन्या कागदपत्रांतही त्यांना फारसा आधार नाही. १९६९ मध्ये निक्सन यांच्याच न्यायखात्यातले वकील विल्यम रेनक्विस्ट यांनी लेखी मत दिलं होतं, की राष्ट्राध्यक्षांना असा सर्वसाधारण अधिकार असल्याचं मानायला आधार दिसत नाही. हेच पुढे सरन्यायाधीश झाले. २०१३ मध्ये ब्रेट कॅव्हनॉ, जे आज सुप्रीम कोर्टात आहेत, त्यांनीही खालच्या कोर्टात असताना लिहिलं, की धोरण म्हणून कमी खर्च करावासा वाटला तरी राष्ट्राध्यक्षांना एकट्याने तसं करता येत नाही. परराष्ट्र व्यवहारांत राष्ट्राध्यक्षांना जास्त मोकळीक असते, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दा मात्र वजनदार आहे. २६ सप्टेंबरच्या आदेशातही त्याचा उल्लेख होता. पहिला मोठा घाव परदेशी मदतीवर बसला याला हेही एक कारण असावं.

आपल्याकडे यावरून रान का पेटत नाही?

मे २०२० मध्ये कोविडमुळे महाराष्ट्राच्या वित्त विभागाने आदेश काढला, की विकासकामांना त्या वर्षी मंजूर रकमेच्या ३३ टक्केच निधी मिळेल. दोन महिन्यांपूर्वी विधिमंडळाने मंजूर केलेला अर्थसंकल्प एका शासन निर्णयाने तृतीयांशावर आला. आपल्या रचनेत हे बसतं. मंजुरीशिवाय संचित निधीतून पैसा काढायचा नाही, हा नियम आपल्याही घटनेत आहे, पण मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं. बहुमत असेल तोवर सभेची इच्छा आणि सरकारची इच्छा एकच धरली जाते. ती वेगळी झाली की सरकार पडतं.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष वेगळे निवडून येतात, चार वर्षांसाठी. अविश्वासाचा ठराव तिथे नाही. त्यामुळे काँग्रेसच्या हातात रोजच्या वापराचं हत्यार उरतं ते पैशाचंच, आणि तेच बोथट झालं तर मागे राहतो फक्त महाभियोग, जो अजून एकाही राष्ट्राध्यक्षाला पदावरून काढू शकलेला नाही.

खरा बिघाड : हात वर करणं थांबतं

पुन्हा सोसायटीत जाऊ. पुढच्या वर्षीच्या सभेत वरच्या मजल्यावाले पेव्हर ब्लॉकना हात वर करतील का?

सिनेटमध्ये विनियोजन विधेयक पुढे सरकायला १०० पैकी ६० मतं लागतात. रिपब्लिकन पक्षाकडे २०२५ मध्ये ५३ होती. म्हणजे डेमोक्रॅट्सची किमान सात मतं हवीत, आणि ती तडजोडीनेच मिळतात. रद्दप्रस्तावाला मात्र साधं बहुमत पुरतं. सात जणांची मतं घेऊन केलेला सौदा पुढच्या महिन्यात त्यांच्याशिवाय मोडता येतो, आणि मागच्या दाराने तर कुणाच्याच मताशिवाय. मग सौदा करायचा कशाला? १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असं ४३ दिवस, अमेरिकेच्या तोवरच्या इतिहासातलं सर्वांत लांब शटडाऊन झालं. मुख्य भांडण आरोग्यविम्याच्या अनुदानांवरून होतं, पण 'आम्ही आज मंजूर करू ते उद्या परस्पर रद्द होणार नाही याची हमी द्या' ही मागणीही टेबलावर होतीच.

पुढे अशा बातम्या आल्या की रकमेचा आकडा बाजूला ठेवून दोन गोष्टी शोधाव्यात. राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसला रद्दप्रस्ताव पाठवलाय, की नुसतीच 'फेरतपासणी' चालू आहे? आणि त्या पैशाची मुदत कधी संपते? ३० सप्टेंबरपासून ४५ दिवस मागे मोजले की १६ ऑगस्ट येतो. त्यानंतर आलेल्या रद्दप्रस्तावात सप्टेंबरअखेर संपणारे पैसे असतील, तर काँग्रेसने त्यावर मतदान केलं काय नि न केलं काय, हिशेब आधीच लागलेला असतो.